कुरागुंडीच्या प्रदर्शनातला तिसरा केक

मर्विन टकवेलने अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात अंडं फोडलं होतं ते फक्त खाण्यासाठी, तेही उकडलेलं, चमच्याने टकटक करून. त्यामुळे बायकोचं उजवं मनगट मोडलं हे कळल्यावर त्याला आधी तिची काळजी वाटली आणि मग, माणूस आहे, जेवणाची. केकची काळजी त्याला शिवलीही नाही. व्हाल्डाच्या मनात मात्र दुसरं काही नव्हतं. पडदे लावताना स्टुलावरून पडली, मेलबर्नच्या इस्पितळात नेली, डॉक्टर हाड बसवायला लागले, आणि ही बाई कळवळून म्हणाली, "आता केकचं काय?"

हा केक म्हणजे कुरागुंडीच्या शेतकी प्रदर्शनातला. कुरागुंडी हे व्हाल्डाचं माहेर. एक रस्ता, एक पब, धान्याची तीन उंच कोठारं आणि वर्षातून एकदा हे प्रदर्शन, ज्यात मेंढ्यापासून मुरंब्यापर्यंत सगळ्यांना नंबर मिळतात. लग्न होऊन शहरात आली तरी व्हाल्डाचा काळा फ्रूट केक दर वर्षी तिथल्या टेबलावर हजर असायचा. त्या केकच्या विभागाचा चषकच मुळी तिच्या आईने दिलेला. या सगळ्यात मर्विनचं काम म्हणजे गाडी हाकणं आणि निकाल लागल्यावर लागेल तसा चेहरा करणं. हे काम तो मन लावून करी.

घरी आल्यावर तो समजुतीने म्हणाला की एक वर्ष नाही केला केक तर काही आभाळ कोसळत नाही. त्यावर व्हाल्डा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते.

आभाळ कोसळायचं होतं ते दुसऱ्या दिवशी फोनवरून कोसळलं. प्रदर्शनाच्या पाककला विभागाच्या प्रमुख मिसेस क्रॅडक यांचा फोन होता. गाव आटत चाललंय, माणसं कमी झाली आहेत, आणि समितीने ठराव केलाय की ज्या विभागात तीनसुद्धा केक येणार नाहीत तो विभाग पुढच्या वर्षीपासून बंद. फ्रूट केकला यंदा नॉर्मा हॉस्किन आहे, वॉली पेंगेली आहे आणि तिसरी व्हाल्डा. व्हाल्डा नसेल तर विभाग गेला. चषक कपाटात जाईल.

व्हाल्डाने फोन खाली ठेवला आणि प्लास्टरकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी मर्विनने फार वेळा पाहिलं नव्हतं. मनगट मोडलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. आणि माणूस अशा वेळी जे करतो ते त्याने केलं. म्हणजे विचार न करता बोलला.

"मी करतो केक."

व्हाल्डा हसायला लागली. मर्विनला जरा लागलंच ते. विमा कचेरीत त्याने चाळीस माणसं सांभाळली होती. एक केक म्हणजे काय, असं त्याला वाटलं. केक म्हणजे काय हे त्याला पुढे कळलं.

पहिली अडचण कागदावरची. ज्याचं नाव, त्याच्याच हातचा केक, असा नियम. म्हणजे व्हाल्डाने फक्त खुर्चीत बसून बोलायचं, आणि नाव लावायचं मर्विनचं. पण मर्विन तिथला नव्हता. मिसेस क्रॅडक यांनी नियमांची जुनी प्रत काढली. स्पर्धक त्या भागात जन्मलेला असावा, किंवा प्रदर्शनाच्या आधीच्या तीन रात्री त्याने तिथे मुक्काम केलेला असावा. हा नियम म्हणे कधी काळी फिरत्या लोकरकापणाऱ्यांसाठी केला होता. तेव्हा मर्विनने विमा कचेरीतला निवृत्त लोकरकापणारा म्हणून तीन रात्री आधी जायचं ठरलं. नावं देण्याच्या शेवटच्या दिवशी नाव गेलं. त्यानंतर यादी बंद.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. समोरचा कोस्टा, ज्याचं आयुष्य भाजीफळं विकण्यात गेलं, तो म्हणाला की बेदाणे ब्रँडीत भिजव. किती ब्रँडी? तर बेदाण्यांना लाज वाटेपर्यंत. डावीकडच्या बाईंनी सांगितलं की भट्टीत पाण्याचं भांडं ठेवल्याशिवाय फ्रूट केक होत नाही. उजवीकडच्या बाईंनी सांगितलं की पाण्याचं भांडं ठेवणारी माणसं केक करत नाहीत, कपडे धुतात. मर्विनने कोणालाच दुखवलं नाही, सगळ्यांचं ऐकलं. पहिला केक निघाला तो कापावा की प्यावा हा प्रश्न पडला. दुसरा बाहेरून कोळसा आणि आतून लापशी. कोस्टाने मात्र दोन्ही खाल्ले आणि पुढच्या वेळचा सल्लाही दिला.

तिसरा केक खरोखर चांगला झाला. काळा, सपाट, घमघमीत. मर्विनने तो साच्यातून काढून तारेच्या जाळीवर निवत ठेवला, कागदात गुंडाळला, डब्यात घातला आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपला.

निघायच्या दिवशी सकाळी व्हाल्डा म्हणाली, "उलटा करून दाखव बघू."

केकच्या बुडावर जाळीच्या तारांच्या रेघा उठल्या होत्या. एकसारख्या, सरळ, तुरुंगाच्या गजांसारख्या. मर्विनला त्यात काही गैर दिसेना. उलट शिस्त दिसली. व्हाल्डाने डोळे मिटले. परीक्षक केक उलटा करतात, आणि बुडावर जाळी उठली असेल तर तो केक त्यांच्या लेखी केकच नसतो. नुसताच बाजूला सारतात, आणि बाजूला सारलेला केक तीनात धरत नाहीत. हे कुरागुंडीतल्या शाळकरी पोरीला माहीत असतं. जाळीवर फडकं अंथरायचं असतं. हे सांगायचं राहिलं कारण कोणा प्रौढ माणसाला ते सांगावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं.

आता नवीन केक गावातच करायचा. व्हाल्डाने डाव्या हाताने सगळं सामान दुप्पट बांधून दिलं, एकदा फसला तर असावं म्हणून. तिला बरोबर जाता येईना. दोन दिवसांनी प्लास्टर दाखवायचं होतं. शनिवारी कोस्टा तिला घेऊन येणार होता. मर्विन एकटाच निघाला. शेजारच्या सीटवर बेदाणे, त्यांना पट्टा बांधलेला. गाव जवळ आलं तसे समोरून येणारे गाडीवाले चाकावरून एक बोट उचलून रामराम करायला लागले. मर्विन आपला पूर्ण हात हलवत होता. त्यावरून लोकांना लांबूनच कळत होतं की हा शहरातला.

पबचा मालक डार्सी याने वरची खोली दिली आणि केकसाठी स्वयंपाकघरही देऊ केलं. पण त्या भट्टीत कायम मटण. डार्सीनेच मान्य केलं की त्यात केक भाजला तर त्याला मेंढ्यांच्या विभागात उभा करावा लागेल. मग बारसमोर बसलेल्या सगळ्या मंडळींनी हा विषय आपला मानला. ज्यांनी जन्मात चमचा विसळला नाही अशी माणसं भट्टीच्या आचेवर भांडली. शेवटी डार्सी म्हणाला, "मित्रा, तू नॉर्मा हॉस्किनकडे जा. तिच्याकडे लाकडाची भट्टी आहे. तशी आच आता कोणाकडे राहिली नाही."

मर्विनने व्हाल्डाला फोन केला.

"नॉर्मा," व्हाल्डा म्हणाली. "जिला मी सहा वेळा हरवलंय, आणि जिने मला सात वेळा."

"दुसरी भट्टी नाही गं."

"जा. पण तिच्यासमोर मोजमाप बोलू नकोस. आणि भट्टीकडे पाठ करू नकोस."

नॉर्मा हॉस्किन गावाबाहेरच्या शेतघरात एकटी राहणारी, उंच, सुकलेल्या लाकडासारखी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने मर्विनला दारात बघितलं, त्याच्या हातातल्या बेदाण्यांकडे बघितलं, आणि काही न विचारता सांगितलं की गुरुवारी सकाळी ये, सातच्या ठोक्याला, भट्टी तापवून ठेवते. मर्विनने आभार मानायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "माझे उपकार समजू नकोस. दोघांतच जिंकण्यात काय मजा? आणि विभाग बंद पडला तर मी जिंकू कुठे?"

गुरुवारी सकाळी मर्विनने तिच्या स्वयंपाकघरात केक घोटला. नॉर्मा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बघायचं नाही म्हणून. पण मर्विनने अंडी फोडायला घेतली की तिचे खांदे आपोआप आक्रसत होते. साचा भट्टीत गेला. आता साडेचार तास दार उघडायचं नाही, पाय आपटायचा नाही, थोड्या थोड्या वेळाने एकेक लाकूड सारायचं. नॉर्माला प्रदर्शनाच्या मैदानावर काम होतं. तिने झाकलेली टोपली उचलली आणि जाताना सांगितलं की टाकीचा पंप बघायला गावच्या आगीच्या बंबावरची पोरं येणार आहेत, आली तर चहा दे.

पोरं म्हणजे पन्नाशीचे चार गडी. त्यांचा म्होरक्या रेक्स. आगीच्या दिवसांत टाकीत पाणी आणि पंप चालू असणं ही तिथे जिवाची गोष्ट, तेव्हा त्यांनी उन्हात पंप खोलला, जोडला, पुन्हा खोलला. माश्या डोळ्यांत जात होत्या. काम संपल्यावर चौघं टोप्या काढून दाराशी उभे राहिले. आत या असं कोणी म्हटल्याशिवाय येणार नाहीत, आणि म्हटल्याशिवाय जाणारही नाहीत, असं ते उभं राहणं.

मर्विनने त्यांना बसवलं, चहा ठेवला. आता त्या मुलखात कोरडा चहा देणं म्हणजे पाहुण्याला हाकलण्याचाच प्रकार. चहाबरोबर काहीतरी लागतंच, आणि घरच्या बाईच्या मागे तिच्या घराची अब्रू आता मर्विनच्या हातात. त्याने कपाट उघडलं. काही नाही. फडताळ पाहिलं. पीठ, मीठ. मग वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर आत ब्रँडीचा दरवळ आणि कागदात गुंडाळलेला काळाभोर फ्रूट केक.

मर्विन अगदीच बावळट नव्हता. त्याच्या मनात शंका आली. पण नॉर्मा सकाळी झाकलेली टोपली घेऊन मैदानावर गेली, ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. प्रदर्शनाचा केक टोपलीत गेला, हा घरातला राहिला. विमा कचेरीतल्या माणसाचा हिशेब. त्याने सुरी घेतली.

पहिल्या तुकड्यानंतर चौघं बोलायचे थांबले. दुसऱ्या तुकड्यानंतर रेक्स म्हणाला की असा केक त्याच्या आजीनंतर त्याने खाल्ला नाही. मग ओलसरपणा कशाने येतो यावर वाद झाला. एक म्हणाला संत्र्याची साल, दुसरा म्हणाला काकवी, तिसऱ्याचं म्हणणं, हे मीही करू शकतो, त्यात काय आहे. मर्विन यजमानासारखा वाढत राहिला. स्वतःही दोन तुकडे खाल्ले. चौथ्या माणसाने, जो दिवसभर एक शब्द बोलला नव्हता, बोट ओलं करून ताटलीतला चुरा टिपून खाल्ला, आणि मग दुसऱ्यांच्या ताटल्यांतलाही.

ते गेले. मर्विनचा स्वतःचा केक भट्टीतून निघाला, फडक्यावर निवायला बसला. बुडाला एक रेघ नाही. तो इतका खूश होता की नॉर्मा आली तेव्हा त्याने तिला आधी बूड दाखवलं.

नॉर्माने बूड पाहिलं, चांगलं म्हणाली. मग तिला मोरीत पाच ताटल्या दिसल्या. मग टेबलावरचा डबा.

"किती उरलाय?" तिने विचारलं.

"कागद उरलाय," मर्विन म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला सगळं कळलं. "नॉर्मा, ती टोपली..."

"टोपलीत डेलियाची फुलं होती," नॉर्मा म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

मर्विनने आयुष्यात बरीच नुकसानं पाहिली होती, घरं जळलेली, गाड्या चेपलेल्या, आणि प्रत्येक वेळी टेबलाच्या अलीकडे बसून. हे नुकसान त्याने स्वतः ताटलीत घालून वाढलं होतं. दोन केक राहिले. यादी कधीच बंद झालेली. ज्या विभागासाठी त्याने हे सगळं केलं तोच विभाग त्याने चार आगवाल्यांना चहाबरोबर खाऊ घातला. आणि हे व्हाल्डाला सांगायचं होतं.

तो तडक मिसेस क्रॅडक यांच्याकडे गेला आणि सगळं कबूल केलं. त्या वजनदार बाई चष्मा वर करून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मिस्टर टकवेल, मी विभागप्रमुख आहे. हे मी ऐकलं असतं तर मला समिती बोलवावी लागली असती. तेव्हा मी काही ऐकलेलं नाही. उद्या दुपारी बारापर्यंत टेबलावर तीन केक हवेत. कोणता केक कधी भाजला हे नियमात कुठेही विचारलेलं नाही."

"आणि नॉर्माला कोणी मदत केली तर?"

"घोटायचं तिने. लाकडं कोणी सारली याबद्दलही नियमात काही नाही." आणि दार लावता लावता म्हणाल्या, "पायरीवर अर्धा किलो मनुका राहिल्यात वाटतं माझ्या. कोणीतरी उचलून नेईल म्हणा."

मर्विन परत पोचला तेव्हा नॉर्माच्या अंगणात गाड्या उभ्या. बातमी त्याच्या आधी पोचली होती. डार्सी अंडी घेऊन आलेला, खिशात ब्रँडीची बाटली. रेक्स आणि त्याचे गडी लोणी, काकवी आणि संत्री घेऊन पोरांसारखे ओळीत उभे. व्हाल्डाने दुप्पट दिलेले बेदाणे होतेच. नॉर्मा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "एवढ्यात दोन केक होतील. एकच करायचाय. बाकीचे बाहेर थांबा, आणि पाय आपटू नका."

आणि तिने घोटायला घेतलं. भट्टीपाशी लाकडं सारायला मर्विन. रेक्सचे गडी बाहेर अंगणात चवड्यांवर चालत होते. त्या संध्याकाळी कुरागुंडीला आग लागली असती तर बंब हळूच, पाय न वाजवता गेला असता.

शुक्रवारी बाराच्या आत तीन केक टेबलावर लागले. दुपारी दार लावून परीक्षण झालं, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी. शनिवारी सकाळी दारं उघडली तेव्हा व्हाल्डा आणि कोस्टा येऊन थडकले होते. तोवर व्हाल्डाला सगळं सांगून झालं होतं. डार्सीने गाडीच्या खिडकीतूनच सांगितलं. ती मर्विनशी बोलत नव्हती, पण डावा हात त्याच्या कोपरात घातलेला होता, तेव्हा प्रकरण फार गंभीर नसावं.

फ्रूट केक मुरावा लागतो. ताजा कापला की भुगा होतो. मर्विन आणि नॉर्मा, दोघांच्याही केकचा कापताना भुगा झाला होता. पहिल्या नंबरची निळी फीत होती वॉली पेंगेलीच्या केकला. हा म्हातारा उमेदीत लोकरकापणाऱ्यांचा आचारी होता आणि वर्षानुवर्षं तिसरा यायचा. तो टोपी काढून आपल्या केकसमोर उभा होता आणि कोणी अभिनंदन केलं की मागे वळून बघायचा, दुसऱ्या कोणाला म्हणतायत का म्हणून. नॉर्मा दुसरी. मर्विन तिसरा. त्याच्या केकच्या चिठ्ठीवर परीक्षक बाईंनी लिहिलं होतं: फळं तळाशी बसली आहेत. बूड उत्तम.

व्हाल्डाने ती चिठ्ठी बराच वेळ वाचली. "बूड उत्तम," ती म्हणाली. "माझ्या बुडाला उत्तम कधी मिळालं नाही." आणि चिठ्ठी पर्समध्ये घातली.

मिसेस क्रॅडक यांनी टेबलाशी येऊन तीन ताटल्या मोजल्या, समितीच्या अध्यक्षांना ऐकू जाईल अशा आवाजात. विभाग राहिला. एवढ्यावर थांबलं नाही. रेक्स आणि त्याचे तिघे गडी मागून आले आणि पुढच्या वर्षीसाठी नावं कधी घेता म्हणून विचारायला लागले. चौघांचाही दावा होता की ओलसरपणा कशाने येतो ते त्यालाच कळलंय, आणि बाकीच्या तिघांना दाखवून द्यायचंय.

मर्विनने नॉर्माला दाराबाहेर, चहाच्या टेबलाशी गाठलं. दोन दिवस त्याने मनात जुळवलेलं भाषण होतं, क्षमा, आभार, भट्टी, मोठं मन, असं सगळं. व्हाल्डा शेजारी उभी होती. तो सुरू झाला तर नॉर्माने कप खाली ठेवला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "मला एक सांग. कसा लागला?"

"काय?"

"केक. माझा. बावीस वर्षं मी इथे केक ठेवते, मर्विन. वर्षाला एकच करते, एकटीसाठी कोण भट्टी पेटवतो. परीक्षक नखाएवढा तुकडा काढतात, हुंगतात, लिहितात. मग तो दोन दिवस उकाड्यात माश्यांखाली बसतो आणि घरी जाऊन कोंबड्यांना. माझा केक आजवर कोणी खाल्लेलाच नाही. तू आणि त्या चौघांनी खाल्लात. अख्खा. तर विचारते, कसा लागला?"

मर्विनने व्हाल्डाकडे पाहिलं. व्हाल्डाने मान हलवली, खरं ते सांग म्हणून.

मग त्याने सांगितलं. पहिल्या तुकड्याला चौघं कसे गप्प झाले, रेक्सने आजी कशी काढली, संत्रं की काकवी यावरून कसे भांडले. आपण स्वतः दोन खाल्ले आणि तिसऱ्याला हात घालणार तोवर संपला होता, हेही सांगितलं. आणि तो न बोलणारा माणूस, बोट ओलं करून चुरा टिपणारा, आधी स्वतःच्या ताटलीतला आणि मग सगळ्यांच्या.

"सगळ्यांच्या?" नॉर्मा म्हणाली.

"सगळ्यांच्या. माझ्यासुद्धा."

व्हाल्डाने डाव्या हाताने जवळची खुर्ची पुढे ओढली आणि नॉर्मा तीवर बसली. तिने हात मांडीवर ठेवले, लहान मुलगी गोष्ट ऐकायला बसते तसे.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "ते टोप्या काढून दारात उभे राहिले, तिथपासून."